गोवराचा रकाना



या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मयावर, हैदराबाद मुक्तिसंग्रामावर आणि पैनगंगेकाठच्या जुन्या देवळांवर व्याख्याने झाली. मी आयुष्यभर मुलांची नाडी पाहणारा माणूस; माझ्याकडे यांपैकी काहीच नाही. म्हणून विषय निवडताना मी शाळेच्या कपाटापाशी गेलो. मुख्याध्यापकांनी जुने हजेरीपट बाहेर काढून दिले. त्यांतला १९५५-५६ या वर्षाचा तिसरीचा हजेरीपट मी दोन दिवस घरी ठेवून घेतला, कारण त्या वर्गात मी स्वतः होतो.

तो काळ आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. आदिलाबाद तेव्हा हैदराबाद राज्याचा जिल्हा होता. किनवट आणि राजुरा हे तालुकेही याच जिल्ह्यात होते. नोव्हेंबर १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली. किनवट, राजुरा आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर परिसर मुंबई राज्यात गेला आणि नांदेड जिल्ह्यातल्या मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा, कुबेर हा भाग आदिलाबादेत आला. आपले शहर जागच्या जागी राहिले, पण राज्य बदलले. हजेरीपटाच्या पुठ्ठ्यावरील राज्याचे नावही त्याप्रमाणे बदललेले दिसते. आतल्या पानांवर मात्र या उलथापालथीची कसलीही खूण नाही. तेथे दुसराच एक इतिहास आहे आणि तो फेब्रुवारी व मार्च १९५६ या दोन पानांवर आहे.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एक मुलगा गैरहजर लागला. पुढे दहा दिवस पट भरलेला. मग एकाएकी पाच-सहा नावांपुढे ‘गै.’ आणि आणखी बारा-तेरा दिवसांनी निम्म्याहून अधिक वर्ग रिकामा. गुरुजींचा नेम असा की, नुसते ‘गै.’ लिहून ते थांबत नसत. शेऱ्याच्या अरुंद रकान्यात बारीक अक्षरात कारण लिहीत: ‘परगावी’, ‘वेचणीस’, ‘आजोबा वारले’. त्या दोन महिन्यांत त्या रकान्यात एकच शब्द वरपासून खालपर्यंत आला आहे: ‘गोवर’. माझ्या नावापुढेही तो आहे. मी दुसऱ्या लाटेतला.

मला आठवतो तो अंधार. दाराला कडुलिंबाचा डहाळा लावलेला, खिडकीवर घोंगडे टाकलेले, कारण उजेड डोळ्यांना सहन होत नव्हता. घरात फोडणी बंद. वडील एका जिनिंग कारखान्यात मुनीम होते. ते बाहेरून आले की पाय धुऊन, कपडे बदलूनच माझ्या खोलीत डोकावत. सहाव्या-सातव्या दिवशी ताप उतरला, अंगावरचे पुरळ तपकिरी झाले, लिंबाच्या पाण्याने अंघोळ झाली आणि मी पुन्हा शाळेत गेलो. हजेरीपटात माझे अकरा दिवस गैरहजेरीचे आहेत. त्यानंतर वर्षअखेरपर्यंत मी एकही दिवस चुकविलेला नाही.

माझ्या पाठची बहीण तेव्हा चौदा महिन्यांची होती. मी बरा होत असतानाच तिला ताप आला, मग पुरळ उठले. आम्ही तिघे एकाच खोलीत निजत असू. तिचे पुरळही मावळले आणि आईने तिलाही लिंबाच्या पाण्याने न्हाऊ घातले. म्हणजे घरच्या हिशेबाने गोवर संपला. पण ती दूध नीट घेईना, मग हगवण लागली आणि सुमारे तीन आठवड्यांनी ती गेली. औषध आणले नव्हते, कारण गोवराला औषध द्यायचे नसते हे सर्वांनाच ठाऊक होते. मृत्यूच्या वहीत कारण लिहिले गेले ‘हगवण’. ते खोटे नव्हते. खरे मात्र अर्धेच होते.

वैद्यकीच्या पन्नास वर्षांत मी जे काही शिकलो, त्यातले पुष्कळसे या अर्ध्या खऱ्याभोवती फिरते. गोवराचा इतिहास आपल्याकडे लिहिला गेला नाही, याचे एक साधे कारण असे की, त्याला रकानाच नव्हता. ब्रिटिश अमदानीतील मृत्युनोंदीचे वार्षिक तक्ते पाहावेत. त्यांत पटकी आहे, देवी आहे, प्लेग आहे. त्यानंतर ‘ताप’, ‘अतिसार व आमांश’, ‘श्वसनाचे विकार’ असे ऐसपैस रकाने आहेत. गोवराने गेलेले मूल या तिन्हींपैकी कोठेही बसू शकते, आणि बसतही असे. रोग आपले नाव न सांगता मारतो आणि लिहिणारा जे शेवटी दिसले ते लिहितो.

देवीचे तसे नव्हते. देवीचा चेहरा लपत नाही. तिच्यासाठी १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला पहिली लस टोचली गेली आणि तेथून पुढे पावणेदोनशे वर्षे गावोगाव टोचणारे हिंडले. आमच्या लहानपणी ‘देवी डॉक्टर’ आला की पोरे ज्वारीच्या कणगीमागे लपत. १९७५ मध्ये भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण सापडला आणि १९७७ मध्ये देश देवीमुक्त ठरला. या विजयाचे श्रेय ज्यांचे त्यांना अवश्य द्यावे. परंतु देवीच्या या थोर कथेच्या सावलीत तिची धाकटी बहीण समजला गेलेला गोवर निर्वेधपणे आपले काम करीत राहिला. ‘गोवर काय, प्रत्येकाला निघतोच’ हे वाक्य मी मराठीत ऐकले, तेलुगूत ऐकले आणि दख्खनीतही ऐकले. आपल्या शहरात एकाच वाड्यात त्याला गोवर, तट्टू आणि खसरा अशी तीन नावे होती, आणि मराठी घर मरीआईला नैवेद्य नेई तेव्हा शेजारचे तेलुगू घर पोच्चम्मेला बोनं नेत असे.

जुन्या वैद्यांना हा रोग ओळखता येत नव्हता असे मात्र मुळीच नाही. ‘माधवनिदाना’त मसूरिकेच्या प्रकरणातच रोमांतिकेचे वर्णन आहे: आधी ज्वर, सोबत खोकला आणि अरुची, आणि मग केसांच्या मुळांएवढे लालसर उंचवटे. इतक्या थोड्या शब्दांत इतके नेमके वर्णन आजच्या पाठ्यपुस्तकातही क्वचित सापडते. दहाव्या शतकाच्या प्रारंभी इराणात राझी या हकिमाने देवी आणि गोवर या दोहोंवर स्वतंत्र ग्रंथ लिहून त्यांतला फरक मांडला, आणि निजामाच्या राज्यातील युनानी हकिमांपर्यंत ती परंपरा पोहोचलेली होती. उणीव ओळखीची नव्हती. मोजणीची होती.

मोजणी म्हणजे काय, याचे सर्वोत्तम उदाहरण आपल्यापासून फार दूरचे आहे. पण गुरुजींचा हजेरीपट मांडीवर घेऊन बसलो असता मला सारखे तेच आठवत होते. अटलांटिक महासागरात फेरो नावाची बेटे आहेत. १७८१ नंतर तेथे गोवर आलाच नव्हता. १८४६ साली तो आला आणि सुमारे पावणेआठ हजार वस्तीपैकी सुमारे सहा हजार माणसे काही महिन्यांत आजारी पडली. डेन्मार्कच्या सरकारने पीटर पानुम या तरुण डॉक्टरास तेथे पाठविले. सूक्ष्मदर्शक नाही, प्रयोगशाळा नाही. तो गावोगाव फिरून फक्त तारखा विचारीत राहिला. एका गावचे दहा जण एका नावेतून ४ जूनला देवमाशाच्या शिकारीस गेले होते, आणि १८ जूनला त्या दहाही जणांच्या अंगावर पुरळ उठले. अशा कितीतरी तारखा जुळवून त्याने सिद्ध केले की, संसर्ग झाल्यापासून पुरळ उठेपर्यंत सुमारे चौदा दिवस जातात, आणि रोग एका माणसाकडून दुसऱ्याकडेच जातो, हवापाण्यातून उपजत नाही. १७८१ च्या साथीत ज्यांना गोवर येऊन गेला होता त्या वृद्धांना पासष्ट वर्षांनंतरही तो पुन्हा झाला नाही, हेही त्यानेच दाखविले.

आमच्या तिसरीच्या वर्गातील लाटांमधले अंतर याच मापाचे आहे. गुरुजींनी पानुमचे नाव ऐकले असण्याचा संभव नाही. त्यांनी फक्त रोज कारण विचारले आणि लिहिले.

आता थोडे वैद्यकाविषयी. हे व्याख्यान छापले जाणार आहे आणि घरोघरी जाणार आहे, म्हणून विस्ताराची क्षमा असावी. गोवराची सुरुवात पुरळाने होत नाही. तीन-चार दिवस नुसता ताप, कोरडा खोकला, वाहणारे नाक आणि लाल, पाणावलेले डोळे असतात. पाहणाऱ्यास ते साधे पडसे वाटते. याच दिवसांत गालाच्या आतल्या बाजूस, दाढांसमोर, मिठाच्या कणांसारखे पांढुरके ठिपके दिसतात. हेन्री कॉप्लिक या न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञाने १८९६ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून ते त्याच्या नावाने ओळखले जातात. मग कानामागे आणि कपाळावर पुरळ उठते, ते चेहऱ्यावरून छातीवर, पोटावर आणि शेवटी पायांवर उतरते. कांजिण्यांत पाण्याचे फोड येतात. गोवरात येत नाहीत. रोग पसरण्याचा काळ पुरळाच्या चार दिवस आधी सुरू होतो आणि चार दिवस नंतरपर्यंत टिकतो. म्हणजे दारावर डहाळा लागेपर्यंत मुलाने शेजाऱ्यापाजाऱ्यांत रोग वाटूनही टाकलेला असतो. रोगप्रतिकारशक्ती नसलेली दहा मुले रोग्याच्या सहवासात आली तर त्यांतल्या सुमारे नऊ जणांना तो होतो. खोलीतून रोगी निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तेथील हवेत विषाणू जिवंत राहू शकतो.

आमच्या आयाबायांच्या आचाराकडे मी तरुणपणी हसून पाहिले आणि म्हातारपणी काळजीपूर्वक पाहतो आहे. डहाळा लावणे, परक्यास आत न येऊ देणे, अंधार ठेवणे यांत अडचण नाही. त्यात विलगीकरणही होते आणि दुखऱ्या डोळ्यांना विश्रांतीही. घातक होते ते पथ्य. ताक नाही, भाजी नाही, तेल-तूप नाही, दिवसचे दिवस पातळ पेज. ज्या रोगात शरीर आधीच खंगते त्या रोगात आपण मुलाला उपाशी ठेवीत होतो. आणि एक वाक्प्रचार होता: ‘गोवर आत गेला’. पुरळ नीट बाहेर न येता मावळले, मग मूल धापा टाकू लागले किंवा त्याला जुलाब लागले की बायका असे म्हणत. पुरळ आत जात नाही, हे मी वैद्यकीच्या पहिल्या वर्षांत मोठ्या अभिमानाने समजावून सांगत असे.

१९७४ साली मी याच जिल्ह्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात होतो. फाल्गुनात एका कोलाम पोडावरची बाई दोन वर्षांचे मूल घेऊन आली. मुलाच्या अंगावरची कातडी कोंड्यासारखी सुटत होती, डाग काळपट पडले होते, ताप नव्हता, दिवसातून चार-सहा जुलाब होत होते. ती मराठी-कोलामी मिश्रणात म्हणाली, ‘डॉक्टर, गोवर पोटात गेलाय.’ मी तिला सांगितले की, गोवर केव्हाच संपला आहे, काळजीचे कारण नाही. आणि पोटासाठी मिक्स्चरची बाटली दिली. पाचव्या दिवशी तिचा दीर ती रिकामी बाटली परत द्यायला आला. त्या काळी बाटल्या परत देण्याची पद्धत होती. मूल तिसऱ्या दिवशीच गेले होते. त्याने तक्रार केली नाही, मीही काही बोललो नाही. रजिस्टरात मी लिहिले ‘अतिसार’. अठरा वर्षांपूर्वी आमच्या घरी जे झाले होते त्याहून माझ्या लेखणीने निराळे असे काहीच केले नाही.

त्या बाईचे निदान माझ्यापेक्षा बरोबर होते. गोवर पुरळाने मारीत नाही. पुरळ ओसरल्यानंतरच्या आठवड्यांत फुफ्फुसाच्या दाहाने, जुलाबाने, कधी मेंदूच्या सुजेने मारतो. अ जीवनसत्त्वाचा साठा आधीच तुटपुंजा असेल तर डोळे नेतो. गेल्या काही वर्षांतील संशोधनाने त्याहून पुढची गोष्ट दाखविली आहे. हा विषाणू शरीराची रोगांविषयीची स्मृतीच पुसतो. मुलाने पूर्वी ज्या जंतूंशी झुंज देऊन प्रतिकारशक्ती कमावलेली असते, तिचा काही भाग तो खरवडून टाकतो आणि ते मूल पुढे कितीतरी महिने इतर रोगांना नव्याने बळी पडू शकते. ‘आत गेला’ या शब्दांत आमच्या आज्यांनी हेच पाहिले होते. कारण चुकले असेल, निरीक्षण चुकले नव्हते.

विषाणूवर थेट औषध आजही नाही. तथापि ‘औषध नाही’ आणि ‘उपचार नाही’ यांत महदंतर आहे, आणि येथे मला जरा कडवटपणा येतो त्याबद्दल सभेने उदार व्हावे. १९३२ साली लंडनच्या एका रुग्णालयात एलिसन नावाच्या डॉक्टराने गोवर झालेल्या ६०० मुलांचे दोन भाग केले. ३०० मुलांना कॉडलिव्हर तेलातून अ जीवनसत्त्व दिले, ३०० मुलांना दिले नाही. पहिल्या गटात ११ मुले दगावली, दुसऱ्यात २६. हे छापून आले आणि विसरले गेले. म्हणजे १९५६ साली, जेव्हा आमच्या घरात गोवराला औषध नाही असे सर्वांना ठाऊक होते, तेव्हा ही माहिती चोवीस वर्षे जुनी झालेली होती. पुढे १९९० मध्ये केपटाउनच्या रुग्णालयात गंभीर गोवराच्या १८९ मुलांवर पुन्हा काळजीपूर्वक चाचणी झाली. त्यांतली एकूण १२ मुले दगावली, त्यांपैकी १० अ जीवनसत्त्व न मिळालेल्या गटातली होती.

आपल्याच राजधानीत, हैदराबादेत, कुन्नूरहून १९५८ साली स्थलांतरित झालेली पोषण-संशोधनाची संस्था होती, जी पुढे राष्ट्रीय पोषण संस्था झाली. तिच्याच कामाच्या आधारे १९७० पासून देशात लहान मुलांना अ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. हेतू अंधत्व टाळण्याचा होता. आज गोवर झालेल्या प्रत्येक मुलास लागोपाठ दोन दिवस अ जीवनसत्त्व द्यावे असा नियम आहे: सहा महिन्यांखालील मुलास ५०,००० एकके, सहा ते अकरा महिन्यांच्या मुलास १ लाख, त्यापुढे २ लाख. डोळ्यांत दोष दिसला तर काही आठवड्यांनी तिसरी मात्रा. ही मात्रा आरोग्य केंद्रातच मोजून घ्यावी, घरी अंदाजाने देऊ नये. जुलाबाला मीठ-साखरेचे पाणी व जस्त, छाती भरली तर वेळीच प्रतिजैविक, आणि अन्न मुळीच तोडायचे नाही. अंगावरचे दूध तर नाहीच नाही. श्वास जलद चालला, छाती आत ओढली जाऊ लागली, मूल पाणी पिईना, झटका आला किंवा गुंगी आली तर एक रात्रही थांबू नये. प्राणहितेपलीकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस गावातल्याच माणसांना मुलांचे श्वास मोजायला आणि न्यूमोनियाला औषध द्यायला शिकविले आणि बालमृत्यू घटविले. तो १९९० मध्ये प्रसिद्ध झालेला लेख वाचताना मला ती रिकामी बाटली आठवली.

आता लशीकडे येतो. तिचा जन्म एका शाळेत झाला असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. १९५४ च्या जानेवारीत अमेरिकेत बोस्टनजवळच्या एका वसतिगृहाच्या शाळेत गोवराची साथ होती. जॉन एंडर्स यांच्या प्रयोगशाळेतला थॉमस पीबल्स हा डॉक्टर तेथे जाऊन आजारी मुलांचे रक्त आणि घशातील स्राव गोळा करू लागला. डेव्हिड एडमन्स्टन या विद्यार्थ्याच्या नमुन्यातून विषाणू वाढविता आला; त्यास नाव त्या मुलाचेच मिळाले. तो क्षीण करून १९६३ मध्ये पहिली लस वापरात आली. आज पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी गोवराची लस ‘एडमन्स्टन-झाग्रेब’ या जातीची, म्हणजे त्याच शाळकरी मुलाच्या विषाणूची वंशज आहे. आमचा तिसरीचा वर्ग रिकामा पडला त्याच्या दोनच वर्षे आधी दुसऱ्या एका रिकाम्या वर्गात आमच्या नातवंडांची लस सुरू झाली होती.

ती आपल्यापर्यंत यायला वेळ लागला. १९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा गोवराची लस त्यात आली, आणि १९९० पर्यंत तो देशातील सर्व जिल्ह्यांत पोहोचला. कागदावर पोहोचला आणि दंडावर पोहोचला यांत बर्फाचे अंतर होते. ही लस उन्हाला अतिशय नाजूक. उन्हाळ्यात आदिलाबादचा पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो, त्यात उटनूरच्या डोंगरात थंड पेटी खांद्याला अडकवून चालत जाणाऱ्या नर्सबाई मी पाहिल्या आहेत. शिवाय तिची कुपी एका मुलाची नसते, अनेक मुलांची असते. एकदा पाणी घालून फोडली की चार तासांत संपवावी, उरलेली फेकून द्यावी. पोडावर दोनच मुले असली की बाई म्हणत, ‘पुढच्या महिन्यात या, अजून दोघे-तिघे जमू द्या.’ त्यांना वरून लशीच्या नासाडीचा जाब विचारला जाई. न टोचलेल्या मुलाचा जाब कोणी विचारीत नसे. अशी परत पाठविलेली मुले पुढच्या महिन्यात वेचणीला किंवा वीटभट्टीवर निघून गेलेली असत.

आणि एका मात्रेने काम भागत नाही, हे समजायलाही वर्षे लागली. नऊ महिन्यांच्या बालकात आईकडून आलेले संरक्षण अद्याप थोडे उरलेले असते. म्हणून पहिली मात्रा शंभरातल्या सुमारे ८५ मुलांतच लागू पडते. आपल्या शाळेच्या भाषेत हिशेब मांडतो. शंभर मुलांपैकी ९० मुलांना पहिली मात्रा मिळाली, तर संरक्षित झाली ७६-७७. उरली २३-२४. अशी चार वर्षे गेली की उरलेल्यांची बेरीज एका पूर्ण वर्षाच्या मुलांएवढी होते, आणि मग एक ठिणगी पुरते. गोवर थोपवायला शंभरातील ९५ मुले संरक्षित असावी लागतात. म्हणून सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान दुसरी मात्रा. भारतात ती २०१० पासून देण्यास सुरुवात झाली. ऑगस्ट २०१७ मध्ये तेलंगणात नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांना गोवर-रुबेलाची लस देण्याची मोहीम झाली, तेव्हा याच सभागृहात बाके मांडली होती. मी दाराशी खुर्ची टाकून बसलो होतो. दोन पालक मोबाइलवर आलेली कसली तरी अफवा दाखवायला आले. त्यांतल्या एकाचे वडील माझ्याच वर्गातले होते. त्यांचे नाव घेऊन मी त्याला फेब्रुवारी १९५६ ची गोष्ट सांगितली. त्याने मुलगी रांगेत उभी केली. दुसरा निघून गेला.

सीमेवर राहणाऱ्यांची एक निराळी अडचण आहे. केरामेरीच्या डोंगरपट्ट्यात परमडोली, मुकदमगुडा आदी १४ गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा या दोन्ही राज्यांनी हक्क सांगितला. तेथील मराठीभाषक कुटुंबांकडे दोन्ही राज्यांची रेशनकार्डे आणि गावात दोन्ही राज्यांच्या शाळा, असा प्रकार वर्षानुवर्षे राहिला. ज्या गावावर दोघांचा हक्क असतो तेथील मूल दोघांच्याही यादीत असू शकते किंवा एकाच्याही नसू शकते. आपल्या शहरातही पैनगंगेपलीकडे पांढरकवड्याला माहेरी बाळंत झालेल्या मुलीचे पहिले कार्ड यवतमाळ जिल्ह्याचे असते. दुसरी मात्रा कोणी द्यायची, हे आजीने विचारेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. करोनाच्या दोन वर्षांत अशा कितीतरी मात्रा राहून गेल्या. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात गोवराची साथ उसळली, मालेगाव आणि भिवंडीतही रुग्ण आढळले आणि मुले दगावली. २०२३ पर्यंत देश गोवरमुक्त करण्याचे ठरले होते. ते साधले नाही आणि मुदत २०२६ पर्यंत वाढविण्यात आली.

एक गोष्ट सांगायची राहिली. हजेरीपट चाळताना माझ्या लक्षात आले की, त्या साथीत आमच्या वर्गातला एकही विद्यार्थी दगावला नाही. एप्रिलमध्ये सगळे परत आले आहेत. एकाही नावावर तांबडी रेघ नाही. नुसता पट वाचणारा म्हणेल की, साथ सौम्य होती. पण घरी नेलेला गोवर निराळा असतो. पश्चिम आफ्रिकेत गिनी-बिसाऊ येथे १९७९ च्या साथीत पीटर आबी या डॅनिश संशोधकाने घरे मोजून पाहिली, तेव्हा दिसले की बाहेरून रोग आणणाऱ्या मुलापेक्षा, त्याच्याकडून घरातच, एकाच खोलीत निजताना ज्याला तो लागतो त्या धाकट्या भावंडाचे मरण अधिक संभवते. हे मी वाचले तेव्हा माझी चाळिशी जवळ आली होती. मी बराच वेळ ते पान उलटले नाही. पाच वर्षांखालची मुले शाळेच्या पटावर नसतात, म्हणून गुरुजींच्या रकान्यातही ती नाहीत. ती ‘हगवण’, ‘ताप’ आणि ‘दम’ या रकान्यांत आहेत. तिसरीच्या त्या वर्गातल्या हयात असलेल्या सहा जणांना मी गेल्या महिन्यात दूरध्वनी केले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला. दोघांच्या घरी त्या उन्हाळ्याच्या आधी एक धाकटे मूल गेले होते. त्यांतल्या एकाला आजवर ते गोवराने गेले असे वाटलेच नव्हते.

मुख्याध्यापकांनी मला बालवाडीच्या प्रवेश-अर्जाचा नवा मसुदा दाखविला आहे. जन्मतारखेच्या खाली दोन जागा आहेत: गोवर-रुबेला पहिली मात्रा, दिनांक, दुसरी मात्रा, दिनांक. त्याखाली मी एक ओळ घालायला सुचविली ती त्यांनी मान्य केली: घरातील इतर पाच वर्षांखालील मुलांची नावे व त्यांच्या मात्रा. दुसरी मात्रा राहिली असेल तर प्रवेश अडवायचा नाही, त्याच आठवड्यात मुलाला आरोग्य केंद्रात न्यायचे, असे ठरले आहे. अर्ज मराठीत तयार आहे. तेलुगू आणि उर्दू मसुदे तपासून द्यायला माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी पुढे आले, तर जूनपूर्वी ते छापता येतील.